देवाच्या पायाला केस नसतात

"ज्येष्ठ लागू दे, मी परत उभा राहतो की नाय बघा!"

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हमरापूरच्या नाक्यावर दत्तात्रेयने हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं, की टपरीवाला चहा गाळता गाळता पुढचं स्वतःच म्हणून टाकायचा, "आणि उभ्यानंच डोळे देणार!"

उभं राहण्यात एवढं काय मोठं, असं ज्याला वाटेल त्याने हमरापूर पाहिलेलं नाही. पेणजवळच्या या गावात घरटी गणपतीचा कारखाना. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंग मारणं, हे शिकवलं की कोणीही करतो. पण मूर्तीला डोळे देणं, म्हणजे आखणी, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. बुबुळ जरा इकडेतिकडे झालं की देव तिरळा! मग तो कोण घरी नेणार? आणि गावात आखणी नावाजलेली ती दत्तात्रेयच्या घराण्याची. ती उभ्यानेच व्हायची. पाटावर देव बसलेला, समोर कारागीर उभा. दत्तात्रेयचे वडील भाऊ जन्मभर असे उभे राहिले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मोठी माणसं कुठे सगळं बोलून दाखवतात! पण लोकांनी अर्थ ओळखला. देवापुढे बसायचं नाही, ही नम्रता! भाऊंनी तयार केलेले चेले उभे राहू लागले, चेल्यांचे चेले उभे राहू लागले, आणि अर्धं हमरापूर श्रावणापर्यंत तिष्ठत उभं!

दत्तात्रेय तर सख्खा मुलगा. तो तीस वर्षं उभा राहिला. देवांना डोळे आले आणि याच्या पोटऱ्यांवर शिरा आल्या. साध्यासुध्या नव्हेत, वडाच्या मुळ्या जमिनीबाहेर येतात तशा, निळ्या, जाड, वेटोळ्यांच्या. संध्याकाळी पाय असे ठणकायचे की चंद्रावती, त्याची बायको, ते पाटावर घेऊन चेपत बसायची आणि जे बोलायचं ते सगळं बोलून घ्यायची.

शेवटी मुंबईला जाऊन जास्त खराब झालेल्या डाव्या पायाच्या शिरांचं लेझर झालं. लेझर तेव्हा इतकं नवीन होतं, की गावातले लोक पाय बघायला येत आणि "जळल्याचा वास नाय येत!" म्हणून जरा निराश होऊन जात. डॉक्टर होते इझिकेल अष्टमकर. रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमीचे मूळचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. सगळं गणगोत केव्हाच तिकडे इस्रायलला गेलं, पण हे महिन्यातून एकदा रोह्याला शिबिराला हजर.

लेझर झालं, ठणका थांबला, पण पोटरीच्या मागे काही शिरा तशाच! दत्तात्रेय हादरला.

"डॉक्टर, या राहिल्या की!"

"राहतात. मुख्य शीर बंद झाली, तिच्या या बारक्या फांद्या. यांना इंजेक्शन देऊन बंद करू. रोह्याला शिबिरात या. तोवर हा घट्ट मोजा दिवसभर घालायचा आणि भरपूर चालायचं. मोजा वापरला नसेल तर मी सुई हातात घेणार नाही, आधीच सांगतो!"

"आणि उभं राहायचं?"

"ते रोह्याला पाय बघून ठरवीन."

झालं! म्हणजे मोजा, मग इंजेक्शन, मग उभं राहणं, मग आखणी. दत्तात्रेयने मनात पक्कं केलं. ज्येष्ठात कारखान्यातली पहिली मूर्ती डोळ्यांना येणार, आणि त्या वेळी आपण भाऊंच्या जागी उभं असणार. नसलो तर लोक म्हणतील, भाऊंचं घराणं बसलं!

आता त्या मोज्याबद्दल सांगायला पाहिजे. अंगाच्या रंगाचा, गुडघ्यापर्यंतचा, आणि घट्ट म्हणजे इतका घट्ट, की तो चढवताना चंद्रावती एका टोकाला, दत्तात्रेय दुसऱ्या टोकाला, आणि दोघांचा संसार मधल्या मध्ये ताणलेला! त्यात वैशाखाचा उकाडा. आठवड्याभरात मोजा खुंटीवर गेला. आणि खुंटीवरून कुठे गेला? तर दत्तात्रेयच्या एक दिवस लक्षात आलं की अस्तराचा पांढरा रंग गाळायला इतकं बारीक विणीचं, ताणून बसणारं कापड सगळ्या पेण तालुक्यात मिळायचं नाही!

शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी चंद्रावती म्हणाली, "उद्या रोह्याला जायचंय. मोजा धुऊन ठेवते. कुठाय?"

दत्तात्रेयने रंगाच्या डब्यामागून तो काढून जमिनीवर ठेवला. वाळलेल्या रंगाने कडक झालेला मोजा कोणाच्या आधाराशिवाय ताठ उभा राहिला. घरात सध्या उभं राहू शकणारा तेवढा तो एकच!

चंद्रावती मोज्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे. मग म्हणाली, "मी पेणला बाजाराला जाते. नायतर माझ्या तोंडून कायतरी निघंल."

ती गेली आणि दत्तात्रेय विचार करत बसला. असला मोजा मुंबईशिवाय मिळत नाही. मोज्याशिवाय इंजेक्शन नाही. बरं, मोजा म्हणजे तरी काय? पायाच्या मापाची, पायाला आवळून बसणारी एक पिशवी! त्याची नजर कोपऱ्यातल्या रबराच्या डब्यावर गेली.

हमरापुरात साचे रबराचेच करतात. मातीच्या नमुन्याला साबणाचं पाणी लावायचं, वर दुधासारखं पातळ रबर ब्रशने फासायचं, वाळलं की दुसरा थर, मध्ये मलमलीच्या पट्ट्या, पुन्हा थर. वाळलं की रबर आकसतं आणि नमुन्याला असं घट्ट बसतं की जानव्याचा दोराही त्यात उमटतो. वरून गुंडाळत आणलं की साचा मोज्यासारखा निघतो.

मोज्यासारखा! दत्तात्रेयने मांडीवर थाप मारली. जन्मभर देवाच्या पायांची मापं घेतली, स्वतःच्या पायाचं काय अवघड!

त्याने लुंगी वर खोचली, पाय स्टुलावर ठेवला आणि कामाला लागला. कोणी नावं ठेवू नये म्हणून एकही पायरी गाळली नाही. साबणाचं पाणी लावलं. पहिला थर, दुसरा थर, मलमल, तिसरा थर. वैशाखाचं ऊन, रबर चुटकीसरशी वाळलं. डॉक्टरांच्या मोज्याला बोटं उघडी होती. ही त्यांची चूक म्हणून दत्तात्रेयने बोटांसकट पाऊल मढवलं. मोजा अंगाच्या रंगाचा हवा म्हणून शेवटच्या थरात मूर्तीच्या अंगाचा गुलाबी रंग मिसळला. आणि मग, हातात ब्रश होता, डब्यात सोनेरी होता, सवयीचा हात! बोटांवर नखं रंगवली आणि घोट्यावर एक तोडासुद्धा काढला.

रबर आकसू लागलं. शिरा चांगल्या दाबल्या जाऊ लागल्या. दत्तात्रेयला गहिवरून आलं. मुंबईच्या मोज्याने काय दाबलं असतं असं दाबत होतं! डॉक्टर बघतील आणि तोंडात बोट घालतील!

चंद्रावती पिशव्या घेऊन परत आली तेव्हा तो ओसरीवर पाय पुढे करून बसला होता.

"अगं बाई! हा पाय कोणाचा?"

"माझाच. मोजा केला! बघ, आता काढून दाखवतो."

त्याने गुडघ्याखालची कड धरली आणि कसलेल्या हाताने खाली गुंडाळली.

त्याची किंकाळी ऐकून शेजारच्या कारखान्यात रंगवणाऱ्याच्या हातून गणपतीच्या कानाला मिशी आली. दत्तात्रेयने सगळं केलं होतं, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. देवाच्या पायाला केस नसतात! याच्या पायाला होते, आणि ते एकूण एक रबरात पक्के रुतले होते.

मग उपाय सुरू झाले. कडेतून खोबरेल सोडलं, ते नुसतंच ओघळलं. शंखजिऱ्याची पूड फुंकली, ती चंद्रावतीच्या नाकात गेली. शेजाऱ्याने भिंतीवरून सल्ला दिला, "रॉकेल लावा, रॉकेलानं रबर सुटतं!" लावलं. रबर सुटलं नाही, वरून मात्र गुळाच्या पाकासारखं चिकट झालं. लुंगी चिकटली, चटई चिकटली, आणि काय झालं म्हणून बघायला आलेलं मांजर थोडक्यात वाचलं.

चंद्रावतीने कात्री आणली.

"खबरदार!" दत्तात्रेय ओरडला. "आत शिरा हायत! डॉक्टरनी सांगितलंय, शिरेला धक्का लागला तर रक्त थांबत नाय!"

"मग काय जन्मभर असंच फिरणार?"

"उद्या रोह्याला जायचंच हाय. डॉक्टरच काढतील. आणि ते दिवसभर मोजा घाला म्हणाले, मी रात्रभर घालणार! खूशच होतील!"

चंद्रावतीने कपाळाला हात लावला. तो थोडा चिकटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेण स्थानकात रोह्याची एसटी लागली. विजार रबरावरून चढेना, म्हणून दत्तात्रेय लुंगीतच. उजव्या पायात चप्पल, डावा पाय गुलाबी, चकचकीत, सोन्याचा तोडा घातलेला. घोटा वाकत नव्हता, त्यामुळे चाल अशी, की एक पाऊल माणसाचं आणि एक खांबाचं. कंडक्टरने वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याचा चेहरा कोवळा झाला, आणि अपंगांच्या सीटवर पसरलेल्या एका धडधाकट बाप्याला त्याने दंडाला धरून उठवलं.

"बसा काका."

"मी उभा राहतो. मला सवय हाय."

"जिद्दीला मानलं! पण बसा!"

गाडीतल्या सगळ्यांनी मान हलवली. दत्तात्रेयला काही कळेना, पण बसला. वडखळला गिरजाबाई नावाची एक म्हातारी चढली. मिठागरात काम करणारी, टोपलीसकट. ती समोर बसली आणि नागोठणं येईपर्यंत पाय न्याहाळत राहिली. मग तिला राहवेना.

"लाकडाचा हाय का रं?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने नडगीवर बोटांनी ठकठक केलं.

"आई गं!"

"अगो बाय!" गिरजाबाई चंद्रावतीला म्हणाली. "लाकडालापन दुखतं गो!"

"तो खराच पाय हाय मावशी," चंद्रावती म्हणाली.

"व्हय व्हय," म्हातारीने तिच्या हातावर हात ठेवला. "असंच म्हनत जा. त्याला बरं वाटतं."

शिबिर रोह्यातल्या एका शाळेत होतं. दारात हैबतराव उभे होते, गळ्यात शिट्टी, छातीवर बिल्ला. हे असे गृहस्थ असतात, ज्यांच्याशिवाय शिबिर होत नाही आणि ज्यांच्यामुळे ते वेळेवर होत नाही. एका वर्गात पायाच्या शिरांची तपासणी होती, आणि शेजारच्या वर्गात, तुमच्या लक्षात आलंच असेल, कृत्रिम पाय बसवून देत होते. दत्तात्रेयने तोंड उघडायच्या आत हैबतरावांनी शिट्टी फुंकली आणि त्याला शेजारच्या वर्गात नेऊन बसवलं.

"वा! काम फर्स्टक्लास आहे. कुठे करून घेतलात?"

"घरीच केला."

"घरी?"

"आम्ही हमरापूरचे. हात, पाय, सोंड, सगळं घरीच करतो."

सोंडेचं हैबतरावांना कोडं उलगडेना. "बरं, तक्रार काय आहे?"

"निघत नाय."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"नवा आहे, म्हणून घट्ट बसलाय. काळजी नको. अरे, दोघं इकडे या! काकांना काखेत धरा! मी ओढतो!"

"अहो, त्यांचा स्वतःचा पाय हाय तो!" चंद्रावती मध्ये पडली.

"बाई, इथे सगळ्यांचे स्वतःचेच आहेत. भाड्याने कोणी आणलेला नाही!"

आणि हैबतरावांनी ओढला. दत्तात्रेयची आरोळी कुंडलिका नदी ओलांडून अष्टमीला गेली असेल. वेदनेने त्याने पायाचा अंगठा वर केला. गुलाबी रबरात तो अंगठा, सोनेरी नखासकट, सगळ्यांसमोर हलला.

काखेत धरणाऱ्या दोघांनी हात सोडले.

"अंगठा... हलतो?" हैबतरावांनी पाय सोडला आणि हात जोडले. "परदेशातसुद्धा नाही असला पाय!"

मग जे झालं ते विचारू नका! कुबड्या, काठ्या टेकत रांग फिरली आणि दत्तात्रेयभोवती कोंडाळं झालं. "घोटा लवतो का?" "सायकल मारता येईल?" "मला डावा पाहिजे, तोडा नको!" एक कोलाडचा म्हातारा तर हळूच त्या अंगठ्याला हात लावून म्हणाला, "पोरा, मला एक करून दे. मळ्यात जायचंय मला." दत्तात्रेयने त्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. ठणका विसरून तो म्हणाला, "आजोबा, हा माझा खरा पाय हाय हो. खरंच! वर नुसतं रबर हाय, माझ्या मूर्खपणाचं!"

हे वाक्य संपायला आणि डॉक्टर इझिकेल दारात यायला एकच गाठ पडली. त्यांनी तोडा बघितला, नखं बघितली, रॉकेलचा वास घेतला.

"दत्तात्रेय," ते म्हणाले, "मोजा कुठे आहे?"

"हाच."

डॉक्टरांनी त्याला शिरांच्या वर्गात नेऊन टेबलावर आडवं केलं, बोथट टोकाची कात्री घेतली, आणि पाण्याचे हबके मारत बेताबेताने रबर कापत आणलं. शेवटी एक झटका! केस रबराबरोबर गेले. पाय खाली उरला तो सोललेल्या रताळ्यासारखा, लालबुंद, गुळगुळीत. आता मात्र तो खरोखर देवाचा दिसत होता.

"आणखी काही तास राहिलं असतं तर रक्त अडून पाय काळानिळा पडला असता!" डॉक्टरांचा आवाज चढला. "कातडी बघा, रॉकेलने भाजलीय. यात मी इंजेक्शन देऊ? आज नाही. पुढच्या महिन्यात, कातडी निवळल्यावर."

"म्हणजे ज्येष्ठ हातचा गेला!"

"जाऊ दे की! बसून काम करा."

"बसून?" दत्तात्रेय टेबलावर ताडकन उठला. "डॉक्टर, पाय तोडून टाका, पण बसायला सांगू नका!"

"उरलेल्या शिरा मी इंजेक्शनने घालवीन. पण दिवसदिवस उभे राहिलात तर नव्या येतील. मग परत लेझर, परत इंजेक्शन, आणि तुम्ही परत रबर लावणार!"

"येऊ द्या! आमच्या घराण्याची पद्धत हाय. माझा बाप जन्मभर उभा राहिला. तुम्हाला काय सांगू, नुसतं आखणीलाच नाय, जेवायचेसुद्धा उभ्यानं!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जेवायचेसुद्धा?"

"व्हय! भजनाला उभे. एसटीत कोणी जागा दिली तरी उभे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा, खांबाला टेकून. केवढी तपश्चर्या!"

"अस्सं," डॉक्टर सावकाश म्हणाले. "आणि तिखट खायचे?"

"सोडलं होतं. देवाचं काम म्हणून!"

डॉक्टरांनी हळूच चंद्रावतीकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती भिंतीकडे बघत होती.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "सासरेबुवांचं काही माहीत आहे तुम्हाला?"

"मला नका विचारू. मामंजींनी शपथ घातली होती."

"कसली शपथ?" दत्तात्रेय दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाला. "चंद्रा! कसली शपथ गो?"

चंद्रावतीने एकदा त्या सोललेल्या पायाकडे पाहिलं. तो चेपण्यात घालवलेल्या सगळ्या संध्याकाळी तिला आठवल्या असाव्यात. तिने पदर खाली घेतला.

"अहो, मामंजींना मूळव्याध होती! बसताच येत नव्हतं त्यांना! रोज गरम पाण्याचं घमेलं कोण भरून देत होतं? मी! म्हणाले, सूनबाई, कोणाला बोलू नको, लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. मग वाटलं लोकांना! तुम्हालापण वाटलं!"

दत्तात्रेय टेबलावरून खाली उतरला. तीस वर्षं पायाखालून जात होती, त्यांना जाऊ देत असावा. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीशी एक खुर्ची होती, तिच्यापर्यंत लंगडत गेला आणि तिच्यात नीट, पाठ टेकून, पाय लांब करून बसला.

"बरं वाटतं," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात इंजेक्शनं झाली, राहिलेल्या शिरा बसल्या, आणि त्या वर्षी दत्तात्रेयने सगळे डोळे पाटावर बसून दिले. एकही देव तिरळा झाला नाही. लोकांनी विचारलं तर "डॉक्टरचं सांगणं" एवढंच म्हणायचा. भाऊंचे चेले मात्र अजून उभेच आहेत. परवा त्यातला एक आला, पोटरी उघडी करून म्हणाला, "दत्तूशेठ, बघा, भाऊंचा आशीर्वाद आम्हालापण लागला!"

दत्तात्रेयने त्याला रोह्याचा पत्ता दिला. कारण काही बोलला नाही. बापाच्या अब्रूचा प्रश्न हाय, हो! तुम्हीसुद्धा कधी हमरापूरला गेलात, तर आपलं कौतुकाने बघा आणि गप्प राहा.